मोटर चालू आहे, पण दारं कोण धरतंय?

तास संपायला पाच मिनिटं उरलेली असतात. फळा गच्च भरलेला. मी खडू खाली ठेवतो आणि पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत हात वर जातात. शंका विचारायला असतील असं एखाद्या नवख्या प्राध्यापकाला वाटेल, पण प्रत्येक हातात मोबाइल असतो. ‘सर, जरा सरका ना, डावीकडचं दिसत नाही.’ मी सरकतो. पटापट फोटो निघतात आणि वर्ग रिकामा होतो.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात त्या फोटोंची शोधाशोध सुरू होते. फळा सापडतो खरा, पण चुलतभावाच्या हळदीचे दोनशे फोटो आणि गणपतीच्या आराशीचे पन्नास यांच्या मधोमध. अक्षर माझंच असतं, पण ते कोणत्या प्रकरणातलं हे फोटो काढणाऱ्याला सांगता येत नाही. त्या दिवशी फळा पाहिला होता तो फोनने.

ज्यांच्या रानात विहीर आहे त्यांना पुढची गोष्ट समजावून सांगायला नको. ठिबक नसेल तिथे मोटर सुरू झाली म्हणजे रान भिजलं असं होत नाही. कुणाला तरी फावडं घेऊन दारं धरावी लागतात. एक सरी भरली की तिचं तोंड बांधायचं, पुढचीचं फोडायचं. दारं धरणारा बांधावर आडवा झाला तर पाणी शेजाऱ्याच्या रानात जातं आणि आपलं पीक वाळतं. आता मोटर मोबाइलवरून घरबसल्या सुरू करता येते, पण म्हणून दारं आपोआप धरली जात नाहीत.

अभ्यासातही हीच दोन कामं आहेत. माहिती आणणं, साठवणं, शोधणं, मोजणं हे उपसण्याचं काम. ते फोन, टॅब, लॅपटॉप उत्तम करतात, त्यांना बिनधास्त करू द्या. समजून घेणं, आठवणं, आपल्या शब्दांत मांडणं हे दारं धरण्याचं काम. तेही फोनकडे दिलं की तास जातात, डेटा संपतो आणि डोकं कोरडं राहतं. कोणतं काम कुणाला द्यायचं याचा हा हिशेब, बारावी ओलांडून विद्यापीठाच्या अभ्यासाला लागलेल्या तुमच्यासाठी.

आधी घर झाडून घ्या

अभ्यास आणि करमणूक एकाच यंत्रात नांदतात, ही खरी अडचण आहे. ती निश्चयाने सुटत नाही, मांडणीने थोडी सुटते. पहिल्या पानावर फक्त अभ्यासाची ॲप ठेवा. रील आणि खेळांची ॲप शेवटच्या पानावर एका फोल्डरमध्ये टाका. ती काढून टाकायची गरज नाही, फक्त तिथवर पोहोचायला चार पावलं चालावं लागलं पाहिजे. फोन कॉल सोडून बाकी सगळ्यांच्या सूचना बंद करा. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर खरी कामाची माहिती येते, पण ती वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली गाडली जाते. तो ग्रुप म्यूट करून दिवसातून दोनदा उघडा.

ग्रुपवर आलेली फाइल तिथेच ठेवू नका. ‘युनिट ३ फायनल फायनल’ या नावाची पीडीएफ मे महिन्यात सापडत नाही. प्रत्येक विषयाचा एक फोल्डर करा आणि फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग प्रकरण लिहा. उदाहरणार्थ, ‘२०२५-०८-१२ मागणीची लवचिकता’. तारीख अशी उलटी लिहिली की फाइली आपोआप क्रमाने लागतात. हे काम रोज रात्री पाच मिनिटांचं आहे. महिनाभर साठवलं तर एक आख्खा रविवार खातं.

वर्गात फोटो कशाचा काढायचा?

जे हाताने उतरवायला अवघड आहे त्याचाच: नकाशा, मोठा तक्ता, गुंतागुंतीचं विद्युत मंडल, सूक्ष्मदर्शकाखालचं दृश्य. बाकी वहीत लिहा. लिहिण्याचा वेग बोलण्यापेक्षा कमी असतो, त्यामुळे काय घ्यायचं आणि काय सोडायचं हे हात चालू असतानाच ठरवावं लागतं. ही निवड म्हणजेच शिकण्याची सुरुवात. शिवाय परीक्षेच्या दालनात बहुतेकदा तुमच्या हातात पेनच असणार आहे. तीन-तीन महिने पेन न धरलेला हात दुसऱ्याच पानावर दुखायला लागतो.

फोटो काढलाच तर एक नियम पाळा. आजचा फोटो आजच वहीत उतरवायचा आणि मग पुसायचा. पुसायला हात धजावत नसेल तर तो अजून उतरलेला नाही असं समजा. व्याख्यान ध्वनिमुद्रित करायचं असेल तर शिक्षकांना आधी विचारा. बहुतेक जण हो म्हणतात, न विचारता केलेलं मात्र कुणालाच आवडत नाही.

वर्गात लॅपटॉप उघडणाऱ्यांसाठी एक गोष्ट. कॅनडातल्या संशोधकांनी २०१३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. व्याख्यान चालू असताना लॅपटॉपवर इतर उद्योग करणाऱ्यांना नंतरच्या चाचणीत कमी गुण मिळाले, हे अपेक्षितच होतं. पण ज्यांना त्यांचा पडदा नुसता दिसत होता, त्या आसपासच्या विद्यार्थ्यांचेही गुण घसरले. तेव्हा लॅपटॉप वापरायचाच असेल तर शेवटच्या बाकावर बसा. तुमचं पाणी शेजाऱ्याच्या रानात जाऊ देऊ नका.

एका तासाचा व्हिडिओ दीड तासात पाहा

आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ पासून ‘एनपीटीईएल’वर जे व्याख्यानांचं भांडार उभं केलं, ते आज तालुक्याच्या गावातल्या मुलीला फुकट बघता येतं. २०१७ पासून ‘स्वयम’ हे सरकारी व्यासपीठही आहे. तिथे अभियांत्रिकीबरोबर वाणिज्य, कायदा, भाषा, शिक्षणशास्त्र असे विषय आहेत. म्हणजे मोटर जोरात आहे. प्रश्न बघण्याच्या पद्धतीचा आहे.

परीक्षा जवळ आली की व्हिडिओ दुप्पट वेगाने पाहायची पद्धत आहे. सगळं कळल्यासारखं वाटतं, कारण समजावणारा चांगला असतो. त्याला कळलेलं असतं. तुम्हाला कळलं का, हे पाहण्यासाठी दर आठ-दहा मिनिटांनी व्हिडिओ थांबवा, फोन पालथा घाला आणि वहीत तीन ओळी लिहा: आत्ता काय सांगितलं, ते का खरं, कुठे अडलो. मग फोन सुलटा करून ताडून पाहा. तासाच्या व्हिडिओला दीड तास लागेल. पण तो पुन्हा पाहावा लागणार नाही.

यामागे पुरावा आहे. अमेरिकेत सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी मिटून ठेवून आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते: त्यांना ८१ टक्के आठवत होतं, लिहिणाऱ्यांना ७५ टक्के. आठवड्याने तपासलं तेव्हा पारडं फिरलं. पुन्हा वाचणाऱ्यांकडे ४२ टक्के उरलं, आठवून लिहिणाऱ्यांकडे ५६ टक्के. परीक्षा पाच मिनिटांनी नसते, म्हणून दुसरी पद्धत धरायची. ती करताना जड जातं, आपल्याला काहीच येत नाही असं वाटतं. तसं वाटणं हेच काम चालू असल्याचं लक्षण आहे.

डेटाचं थोडं. फळ्यासमोर बोलणाऱ्या माणसाला पाहायला उंची चित्रगुणवत्ता लागत नाही. अक्षरं वाचता येतील इतपत, म्हणजे साधारण ३६०, पुरते. महाविद्यालयाच्या वायफायवर आठवड्याची व्याख्यानं उतरवून घेतली की घरी इंटरनेट बंद ठेवून बसता येतं. त्याचा खरा फायदा डेटा वाचण्यापेक्षा मोठा आहे: इंटरनेट बंद असलेला फोन फारसा बोलावत नाही.

एसटीच्या थांब्यावरची दहा मिनिटं

फोनला सगळ्यात चांगलं जमणारं एक काम विद्यार्थी त्याला क्वचितच देतात: योग्य वेळी आठवण करून देणं. ‘अँकी’ नावाचं ॲप अँड्रॉइडवर फुकट आहे आणि त्यात देवनागरी चालते. एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर, अशी कार्डं तुम्ही करायची. जे कार्ड सहज आठवलं ते ॲप बऱ्याच दिवसांनी दाखवतं, जे अडलं ते लवकर. शिकलेलं कसं विसरत जातं याचा आलेख जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी १८८५ साली मांडला होता. विसरण्याच्या बेतात असताना आठवलं की ते पक्कं होतं, हे तत्त्व या ॲपने खिशात आणलं.

दोन पथ्यं. कार्डं स्वतः करा, दुसऱ्याची आयती घेऊ नका. आणि व्याख्या विचारण्यापेक्षा कारण विचारा. ‘लवचिकता म्हणजे काय?’ यापेक्षा ‘मीठ महागलं तरी त्याचा खप फारसा का घटत नाही?’ हा प्रश्न चांगला. रोज दहा नवी कार्डं पुरेत. एसटीच्या थांब्यावर, लोकलमध्ये, मेसच्या रांगेत ती होतात. अभ्यासाच्या टेबलावर फोन जितका घातक, तितका तो रांगेत कामाचा.

भाषेची भिंत

सेमी नसलेल्या शाळेतून विज्ञान किंवा वाणिज्य शाखेत आलेल्यांना पहिल्या वर्षी वेगळाच त्रास होतो. जडत्व ठाऊक असतं, ‘इनर्शिया’ परका वाटतो. परासरण शिकलेलं असतं, ‘ऑस्मोसिस’ नवं भासतं. अशा वेळी राज्याच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश उघडा. विषयवार कोश संकेतस्थळावर मोफत शोधता येतात. मराठी विश्वकोशाचे खंडही तसेच उपलब्ध आहेत, आणि एखादी संकल्पना मुळातून समजून घ्यायला त्यातली नोंद अनेकदा इंग्रजी पाठ्यपुस्तकाच्या आधी वाचावी अशी असते.

कॅमेरा रोखून पानाचं मराठी करणारं ॲप जवळ असेलच. त्याला आख्खं पान देऊ नका. आधी इंग्रजी वाक्य वाचा, अर्थ काय असावा याचा अंदाज करा, मग अडलेल्या वाक्यापुरतं भाषांतर पाहा. ‘फील्ड’ म्हणजे क्षेत्र की शेत, हे यंत्राला संदर्भावरून ताडावं लागतं आणि तिथे ते कधी घसरतं. वहीच्या शेवटच्या पानांवर दोन रकान्यांत मराठी-इंग्रजी संज्ञा लिहीत गेलात, तर वर्ष संपेपर्यंत तुमचा स्वतःचा कोश तयार होतो.

खिशातली प्रयोगशाळा

फोनला आपण पडदा समजतो. पण त्यात मापनाची उपकरणं आहेत: प्रवेग मोजणारं, चुंबकीय क्षेत्र ओळखणारं, आवाज टिपणारं, स्थान सांगणारं. जर्मनीत आखेनच्या तंत्रविद्यापीठाने ‘फायफॉक्स’ हे मोफत ॲप करून ही उपकरणं विद्यार्थ्यांच्या हाती दिली.

घरी करून पाहा. फुग्याला एक जड नट बांधा आणि जमिनीपासून बरोबर सव्वा मीटर उंचीवर धरा. खाली स्टीलचं ताट ठेवा. फायफॉक्समधलं आवाजावर चालणारं घड्याळ लावून फोन जवळ ठेवा आणि फुग्याला टाचणी टोचा. फुगा फुटल्याच्या आवाजाला घड्याळ सुरू होतं, नट ताटात आदळल्याच्या आवाजाला थांबतं. वेळ अर्ध्या सेकंदाच्या आसपास येईल. उंचीच्या दुपटीला वेळेच्या वर्गाने भागा: गुरुत्वीय त्वरण ९.८ च्या जवळपास आलं पाहिजे. हाताने स्टॉपवॉच दाबलं असतं तर बोटाचाच उशीर सेकंदाच्या पाचव्या हिश्शाइतका झाला असता आणि प्रयोगाला अर्थ उरला नसता. मोजण्याचं काम फोनने केलं. दहा वेळा केल्यावर दहा वेगळे आकडे का आले, उंची नटाच्या तळापासून मोजली होती की फुग्यापासून, हा विचार तुमचा.

कला शाखेच्या विद्यार्थ्यांना फोन याहून जास्त देऊ शकतो. गावातल्या आजींच्या आठवणी, बाजारातली बोली, बारा बलुतेदारांपैकी उरलेल्या कारागिरांची हत्यारं आणि त्यांची नावं, हे सगळं ध्वनिमुद्रणाच्या एका बटणावर आहे. पण नुसतं मुद्रण म्हणजे पुन्हा गॅलरीतला फळा. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. तो संग्रह आज अभ्यासकांच्या उपयोगी पडतो, कारण ओवीबरोबर गाणारीचं नाव, गाव आणि ओवीचा विषय यांची चिकाटीने नोंद आणि वर्गवारी झाली. तुम्हीही मुद्रणाच्या सुरुवातीला तारीख, गाव आणि बोलणाऱ्याची संमती मोठ्याने नोंदवा. घरी आलात की त्याच दिवशी एका कागदावर लिहा: कितव्या मिनिटाला काय आलं.

हुशार मदतनीसाला कामाला कसं लावायचं?

२०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं आणि ‘असाइनमेंट’ या शब्दाचा अर्थ बदलला. प्रश्न टाकायचा, उत्तर उचलायचं, मुखपृष्ठ जोडायचं. चाळीस विद्यार्थ्यांचे चाळीस प्रकल्प एकाच सुरात बोलायला लागले की शिक्षकाला ते ओळखायला कोणतंही सॉफ्टवेअर लागत नाही. पण पकडलं जाण्याचा मुद्दा दुय्यम आहे. इथे दारं धरण्याचं काम आपण मोटरलाच दिलेलं असतं.

याच साधनाला उलटं लावा. त्याच्याकडून उत्तर घेण्याऐवजी त्याला प्रश्न विचारायला सांगा. असं लिहा: ‘मी बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मागणीची लवचिकता या प्रकरणावर मला एका वेळी एकच प्रश्न विचार. मी उत्तर दिल्याशिवाय बरोबर उत्तर सांगू नकोस. माझ्या उत्तरात काय राहिलं ते दाखव.’ रात्री अकरा वाजता तुमची तोंडी परीक्षा घ्यायला दुसरं कोण बसणार आहे?

बाकीचे नियम थोडक्यात. निबंध आधी स्वतः लिहा, मग त्यातल्या उणिवा विचारा. त्याने सांगितलेलं प्रत्येक पुस्तक, लेख आणि वर्ष ग्रंथालयाच्या सूचीत शोधून पाहा, कारण नसलेले ग्रंथ खऱ्यासारखे सांगण्याची या यंत्रांना खोड आहे. मराठी साहित्य आणि स्थानिक इतिहासाबद्दल विचारताना तर दुप्पट सावध राहा. दुसऱ्याची खासगी माहिती, मुलाखती, गुणपत्रिका त्यात टाकू नका. मदत घेतली असेल तर मार्गदर्शकांना तसं सांगा. आणि शेवटची कसोटी: फोन मिटून तोच मुद्दा मित्राला पाच मिनिटं समजावता आला, तर तो तुमचा झाला.

ग्रंथपालांना भेटा

इंटरनेटवर सगळं मिळतं असं म्हणणारे विद्यार्थी पहिल्या दहा दुव्यांपलीकडे जात नाहीत. चांगल्या संशोधनपत्रिका पैसे भरून मिळतात, आणि ते पैसे तुमच्यासाठी अनेकदा आधीच भरलेले असतात. महाविद्यालयांसाठी ‘एन-लिस्ट’ ही सेवा आहे. सरकारी विद्यापीठं आणि संस्थांसाठी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ सुरू झालं आहे. लॉगिन कसं मिळेल हे ग्रंथपाल सांगतात, विचारणारा मात्र हवा. याशिवाय आयआयटी खरगपूरने उभारलेलं राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय आहे, आणि देशभरातले पीएचडीचे प्रबंध ‘शोधगंगा’वर खुले आहेत. प्रकल्पाचा विषय ठरवण्याआधी त्यावर मराठीत, इंग्रजीत काय झालं आहे हे तिथे तासाभरात कळतं.

लांबलचक पीडीएफ मोबाइलवर वाचू नका. आधी अनुक्रमणिका आणि निष्कर्ष पाहा, हवी ती दहा पानं ठरवा आणि तेवढ्यांचीच झेरॉक्स काढा. पेन्सिलीने खुणा करत वाचलेलं पान डोळ्यांनाही सुखाचं आणि डोक्यालाही.

खरेदी, श्रेयांक, सुरक्षा

नवं यंत्र घेण्याआधी अभ्यासक्रम पाहा. प्रोग्रामिंग, हिशेबाची सॉफ्टवेअर, आराखडे यांसाठी लॅपटॉप लागतोच. जुना, तपासून घेतलेलाही चालेल. मुख्यतः वाचन असेल तर मोठ्या पडद्याचा साधा टॅब आणि महाविद्यालयाची संगणकशाळा पुरते. स्मार्ट घड्याळाचा अभ्यासाला फारसा उपयोग नाही, आणि परीक्षा दालनात ते नेताही येत नाही. हप्त्यांवर महाग फोन घेऊन सत्राचं शुल्क थकवू नका. घरात दोघा भावंडांत एकच फोन असेल तर उपसण्याचं काम आपल्या वाट्याच्या तासात उरका. आठवून लिहिण्याला फोन लागतच नाही.

स्वयमवरचा अभ्यासक्रम पदवीत धरता येतो. अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार विद्यापीठाला एका सत्रातल्या ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रमांसाठी अशी मुभा देता येते. पण तुमचं विद्यापीठ कोणते मान्य करतं, हे नाव नोंदवण्यापूर्वी विभागात विचारा.

प्रकल्पाची प्रत नेहमी दोन ठिकाणी ठेवा. ‘*#०६#’ दाबून फोनचा पंधरा आकडी क्रमांक वहीत उतरवून ठेवा, कारण फोन हरवला तर ‘संचार साथी’ संकेतस्थळावर तो बंद करायला हाच क्रमांक लागतो. शिष्यवृत्ती मंजूर झाल्याचं सांगून कुणी ओटीपी मागितला तर देऊ नका, आणि पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा.

आज रात्रीचं काम

एवढं सगळं एकदम करायला जाऊ नका. आज रात्री गॅलरी उघडा आणि या सत्रातला फळ्याचा सगळ्यात जुना फोटो शोधा. तो मोठा करून वाचू नका. प्रकरण कोणतं एवढंच पाहा, फोन पालथा घाला आणि कोऱ्या कागदावर आठवेल ते सगळं लिहा. वीस मिनिटं. मग फोटो उघडून ओळ न् ओळ ताडा. कुठे ओल पोहोचली आहे आणि कुठे रान कोरडं आहे, ते तुम्हाला स्वतःच्याच अक्षरात दिसेल. उद्या तिथलं दार फोडा.